वायर कोणत्या खांबापर्यंत आलीय?

बुलढाणा शहराभोवती गेल्या काही वर्षांत जी नवी ले-आऊट पडली, तिथं प्लॉट बघायला येणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. एन.ए. झालंय का? सातबारा कुणाच्या नावावर आहे? बोअरला पाणी किती फुटांवर लागलं? येळगाव धरणाचं पाणी इथपर्यंत येतं का, आणि येत असेल तर किती दिवसांआड? डीपी कुठं आहे? पावसाळ्यात या काळ्या मातीतून गाडी निघते का? उत्तरं कुठं मिळतील हेही लोकांना ठाऊक असतं. काही तलाठ्याकडे, काही भूमी अभिलेखमध्ये, काही महावितरणच्या कार्यालयात, आणि पाण्याचं म्हणाल तर शेजारच्या बोअरवाल्याकडे. अलीकडे या यादीत एका प्रश्नाची भर पडली आहे, आणि त्याचं खात्रीचं उत्तर देणारं कार्यालय जिल्ह्यात कुठंही नाही. इथं नेट येईल का?

मोबाइलचं नेट असतंच. रेंज येते, व्हॉट्सॲप चालतं, फोनपे होतं. विचारणाऱ्याला हवं असतं ते वायरचं नेट, राउटर लावून घरातल्या चौघांना एकाच वेळी वापरता येईल असं. मुलगी नीटची तयारी करतेय, तिचे तास रात्री असतात. मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे. कंपनी त्याला महिन्यातले काही दिवस घरून काम करू देते, फक्त मीटिंगमध्ये आवाज तुटता कामा नये. सुनेचंही तसंच. वायर आली तर दिवाळीला आलेली मंडळी आणखी दोन आठवडे राहतात. नाही आली तर भाऊबीज उरकली की रात्रीची ट्रॅव्हल्स. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या पोरांनी गच्चीवर, शेतातल्या मचाणावर, रेंज सापडेल त्या वळणावर बसून कामं केली, परीक्षा दिल्या. ते ज्या आईबापांनी पाहिलं, त्यांच्या दृष्टीनं वायरचं नेट ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

चिखली रोडकडच्या एका ले-आऊटमध्ये घर घेतलेलं एक निवृत्त शिक्षक दांपत्य माझ्या परिचयाचं आहे. सरांनी वास्तुशांतीच्या आधीच नेटची चौकशी सुरू केली होती. कंपनीच्या संकेतस्थळावर गेले, तिथं पिनकोड विचारला. ४४३००१ टाकला. हिरवी खूण आली, आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे म्हणून अभिनंदनही आलं. सरांनी नोंदणीचे पैसे भरले. काही दिवस गेले. मग लांबच्या कुठल्या तरी शहरातून एका मुलीचा फोन आला, हिंदीत. तिनं विचारलं, घराजवळची ओळखीची खूण सांगा. सरांनी मारुतीचं मंदिर सांगितलं. बुलढाण्यात मारुतीची मंदिरं किती, हे त्या मुलीला कसं कळावं! शेवटी संदेश आला, तांत्रिक कारणास्तव आपल्या पत्त्यावर जोडणी शक्य नाही. एक गल्ली सोडून पलीकडच्या घरात मात्र त्याच कंपनीचा डबा व्यवस्थित चालू होता.

यात त्या मुलीचा दोष नाही. घोळ पिनकोडपासून सुरू होतो. पिनकोडची कल्पना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. डाक खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची सहा आकड्यांची पद्धत देशभर लागू झाली. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन आकडे टपाल वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. म्हणजे पिनकोड सांगतो ते इतकंच, की तुमचं पत्र कोणत्या पोस्टातून निघेल. पुढचं काम पोस्टमनचं, आणि पोस्टमनला गल्ली, घर, घरातली माणसं सगळं माहीत असतं. म्हणून पत्रासाठी ही व्यवस्था पन्नास वर्षं उत्तम चालली. फायबरची गोष्ट वेगळी आहे. एकाच पिनकोडात जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची इमारत येते आणि शहराबाहेरची वस्तीही येते. पिनकोडात एका घरी नेट असलं तरी कंपनी हिरवी खूण दाखवू शकते.

डाक खात्यानं आता यापुढचं पाऊल टाकलं आहे. २७ मे २०२५ रोजी डिजिपिन आला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीनं साऱ्या देशाचे साधारण चार मीटर गुणिले चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेतांक दिला. अंगणात उभं राहून मोबाइलवर तो काढता येतो. मारुतीचं मंदिर सांगण्याची गरज राहत नाही. पण घराचा अचूक ठिकाणा सांगता येणं हे निम्मंच काम झालं. वायर कुठं आहे याचा तितकाच अचूक नकाशा समोरच्याकडे असेल, आणि तो आपल्याला बघायला मिळेल, तर त्या दहा अक्षरांचा उपयोग.

वायर घरापर्यंत कशी येते हे समजून घेतल्याशिवाय "आमच्याकडे का नाही" याचं उत्तर सापडत नाही. एक्स्चेंजमध्ये किंवा ऑपरेटरच्या खोलीत एक यंत्र असतं, ओएलटी. त्याच्या एका पोर्टमधून केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाश निघतो. वाटेत स्प्लिटर नावाची लहानशी वस्तू बसवलेली असते. ती एका तंतूतला प्रकाश आठ, सोळा, बत्तीस वाटांनी फोडते. त्यातली एक वाट तुमच्या गल्लीतल्या खांबावरच्या डब्यात येते आणि तिथून काळी ड्रॉप वायर घरात शिरते. घरातल्या पांढऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. या पद्धतीत ओएलटीपासून वीस किलोमीटरपर्यंत नेट पोचू शकतं, त्यामुळे अंतराची अडचण सहसा नसते. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलनं डेटावन आणलं तेव्हा नेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येई, आणि एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घराला जेमतेम वेग मिळे. फायबरनं ते दुखणं संपवलं. आता अडतं ते स्प्लिटरवर. आठाच्या स्प्लिटरवर आठ घरं झाली की नववं घर खांबाला लागून असलं तरी त्याला नेट नाही. याला तंत्रज्ञ "पोर्ट फुल" म्हणतात. आणि स्प्लिटर नवा बसवायचा तर मागून येणाऱ्या प्रकाशात तेवढा जोर शिल्लक हवा.

हा जोर मोजतात कसा, ते मी एका तंत्रज्ञाबरोबर फिरताना जवळून पाहिलं. पंचविशीतला मुलगा, दुचाकीच्या मागे वायरचं वेटोळं बांधलेलं, पाठीवर बॅगेत स्प्लायसिंगचं मशीन. शिडी खांबाला टेकवून तो वर चढला, डब्याचं झाकण उघडलं, आतली हिरव्या टोकाची एक वायर काढून खिशातल्या पिवळ्या पॉवर मीटरला लावली. आकडा आला उणे एकोणीस. "पॉवर मस्त आहे, काका," तो वरूनच म्हणाला. "उणे चोवीस-पंचवीसपर्यंत चालते. अठ्ठावीसच्या खाली गेली की डबा लाल लाईट मारते." बत्तिसाचा स्प्लिटर एकटाच सतरा-अठरा डेसिबल खातो. वाकवलेली वायर, मळलेला कनेक्टर, उंदरानं कुरतडलेलं आवरण, प्रत्येक जण थोडं थोडं खातो. सरांच्या गल्लीतल्या खांबावर मात्र त्यानं नुसतं खालून वर पाहिलं आणि मान हलवली. "इथं डबाच नाई. मागच्या लाईनवर आहे, तिथून वायर ओढाची तर चार खांब लागतात. ऑफिसले इचारून पाह्यतो, मंग सांगतो तुम्हाले." संकेतस्थळाला जे सांगता आलं नव्हतं ते या मुलानं अर्ध्या मिनिटात सांगितलं. जिल्ह्यात नेटच्या उपलब्धतेचा खरा नकाशा आज असा आहे. तो शिडी घेऊन फिरणाऱ्या मुलांच्या डोक्यात आहे, आणि मुलगा नोकरी सोडून गेला की नकाशाही जातो.

म्हणून घर घेणाऱ्यानं, भाड्यानं घेणाऱ्यानंही, काय विचारायचं ते सांगतो. नेट आहे का, असा मोघम प्रश्न कुणालाच विचारू नका. सर्वांत जवळचा डबा कोणत्या खांबावर आहे आणि त्यात पोर्ट रिकामा आहे का, हे विचारा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्याकडे कुणाची वायर आहे, रात्री नऊला चालते का, लाल लाईट लागला तर माणूस किती दिवसांनी येतो, हे विचारा. वायर महावितरणच्या खांबावरून आली असेल तर वाऱ्या-वादळात खांबाबरोबर तीही जाते. आणि इन्व्हर्टरच्या लाईनवर राउटरसाठी एक पॉइंट काढून घ्या. घरातले दिवे इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र साध्या प्लगवर, असं मी किती तरी नव्या घरांत पाहिलं आहे. बांधकाम चालू असेल तर मिस्त्रीला सांगून गच्चीपासून हॉलपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून टाकून घ्या. नंतर पुट्टी झालेल्या भिंतीला भोक पाडताना जीव खालीवर होतो.

शहरातल्या माणसाला निदान विचारायला चार ऑपरेटर असतात. गावात गेलं की प्रश्नाचं रूप बदलतं. तिथं कागदोपत्री नेट आहेच.

सगळ्या ग्रामपंचायती फायबरनं जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्यानं महानेट म्हणून हाती घेतलं. योजनेची आखणी तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत. पंचायतीच्या कार्यालयात डबा बसला आणि दिवा लागला की गाव जोडलं गेलं. हे काम लहान नाही. डोंगर-दऱ्यांतून, काळ्या मातीतून, ओढ्याखालून इतकी वायर टाकणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण डबा पंचायतीत आणि माणूस घरात. मधलं अंतर कुणी पार करायचं, हे फार काळ ठरलंच नाही. त्यात आपल्याकडे गटग्रामपंचायती आहेत, दोन-तीन गावं मिळून एक. मेहकर, लोणार, सिंदखेड राजाकडे बंजारा तांडे आहेत, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या सातपुड्याच्या पायथ्याला आदिवासी पाडे आहेत. डबा मुख्य गावात बसतो. तांडा मागे राहतो, आणि यादीत मात्र तोही जोडलेला ठरतो.

दुसरं दुखणं तुटण्याचं. जुन्या आखणीत वायर एकामागून एक गावं घेत पुढे जाते. वाटेत कुठं तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. आणि तुटायला निमित्त लागत नाही. जलजीवनचा पाइप टाकायचा, चर खणायचा, रस्ता रुंद करायचा, कुणाला शेतात जायला मोरी बांधायची, जेसीबी आला की आधी फायबर जातं. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे हे विचारण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप सुरू झालं. जेसीबीचा चालक खणण्याआधी ते उघडत असेल अशी आशा ठेवायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर त्याच्या हातात ते कुणी दिलेलं दिसत नाही. ते उघडण्याची अट ठेक्याच्या करारात यायला हवी. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची. त्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. वायर आता कड्याच्या आकारात फिरवायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट येत राहील. आणि पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातल्याच उद्योजकामार्फत द्यायची, दीड कोटी ग्रामीण घरांपर्यंत. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शेवटचे चार खांब गावातलाच कुणीतरी ओढू शकतो. लाल लाईट लागल्यावर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन, "भाऊ, जरा पाह्य ना," असं म्हणता येतं.

जिल्ह्याच्या भूगोलाचाही यात हात आहे. बुलढाणा जिल्हा म्हणजे तेरा तालुके आणि मधोमध घाट. घाटाखालून मुंबई-नागपूर रेल्वे जाते, मलकापूर, नांदुरा, शेगाव. त्याच पट्ट्यातून राष्ट्रीय महामार्ग जातो. मोठ्या वायरी नेहमी रुळाच्या आणि रस्त्याच्या कडेनं जातात, कारण जागा मोकळी असते आणि परवानगी एकाकडूनच घ्यावी लागते. रेल्वेनं तर आपल्या रुळांकडेची फायबर वापरता यावी म्हणून २००० साली रेलटेल ही स्वतंत्र कंपनी काढली. घाटावर रेल्वे नाही, म्हणजे रुळाकडेची वायरही नाही. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या.

शेवटच्या टप्प्याच्या बाबतीत खामगावचा इतिहास फार बोलका आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला. तो खामगावला वळसा घालून जलंबवरून गेला. खामगाव तेव्हा कापसाची प्रचंड पेठ, वऱ्हाडचा कापूस इथून लिव्हरपूलला जायचा. स्टेशन अवघ्या तेरा किलोमीटरवर. पण तेवढं अंतर बैलगाडीनं कापूस नेण्यात वेळ आणि पैसा जात होता, म्हणून जलंबहून खामगावला स्वतंत्र फाटा काढला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी जातीनं खामगावला आले. शेकडो कोसांचा लोहमार्ग झाल्यावरही शेवटच्या तेरा किलोमीटरसाठी वेगळा निर्णय, वेगळा पैसा आणि त्यावर अडून बसणारा कुणीतरी लागला. तेव्हा तो कापूस होता, म्हणून फाटा झाला. आज समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. ज्यांच्या शेतातून तो गेला त्यांना इंटरचेंजखेरीज त्यावर चढता येत नाही. गावाजवळून जाणाऱ्या मोठ्या फायबरचंही असंच आहे. ती जवळून जाते म्हणजे गावाला मिळते असं नाही. तिच्यातून फाटा काढावा लागतो, आणि फाट्याचा हिशेब मागणारा कापूस आता नाही. आहेत ती माणसं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती.

वायर नाही तर हवेतून घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. गच्चीवर छोटा अँटेना बसवून ५जीच्या टॉवरवरून घरात वायफाय देण्याची सेवा २०२३ पासून सुरू झाली आणि पुष्कळ घरांची सोय तिनं केली. सरांनाही तीच सुचवली गेली होती. पण तिथंही प्रश्न घराचाच. टॉवर दिसतो का, मध्ये टेकडी आहे का, त्याच टॉवरवर आधीच किती जण आहेत? घाटातल्या गावात एका बाजूच्या घराला पूर्ण रेंज आणि टेकडीच्या आडोशाच्या घराला काहीच नाही, हे रोजचं. मोबाइलच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना २जी, ४जी, ५जी कुठं कुठं आहे याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. नवं घर घेण्याआधी ते जरूर बघावेत. त्यात बाहेरची रेंज दाखवलेली असते, स्लॅबखालची नाही, हे ध्यानात ठेवून. घराघरांत जाणाऱ्या वायरच्या नेटसाठी मात्र लोकांना बघता येईल असा नकाशा नाही.

उपग्रहाचीही चर्चा आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. सुरुवातीला ज्या जिल्ह्यांची नावं घेतली गेली त्यांत गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आमचा शेजारी वाशीम आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेला, आरोग्य केंद्राला त्याचा आधार होऊ शकतो. ज्या ले-आऊटपासून चार खांबांवर फायबर आहे, तिथं उपग्रहाची वाट बघायला लावणं मात्र अन्याय आहे.

ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येचंही बघा. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. दोन एमबीपीएसवर एका माणसाची मीटिंग कशीबशी चालते. सासऱ्यानं खाली यूट्यूबवर कीर्तन लावलं की वर सुनेची मीटिंग अडकते. तेव्हा "या गावात ब्रॉडबँड आहे" हे वाक्य नियमानं बरोबर असूनही घराच्या कामाचं नसतं. सेवेच्या दर्जाविषयी ट्रायनं २००६ साली नियम केले. त्यात जोडणी १५ कामाच्या दिवसांत द्यावी असं म्हटलं होतं, पुढे अट होती, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर. सगळं घोडं अशाच अटीवर अडतं. शक्य आहे की नाही हे ठरवणार कंपनी, कारण सांगणार कंपनी, आणि ते कारण तपासायला ग्राहकाच्या हातात काही नाही.

गाव जोडलं गेलं म्हणजे घर जोडलं गेलं असं धरण्याची चूक आपणच केली असं नाही. अमेरिकेत अनेक वर्षं जनगणनेच्या एका छोट्या गटातल्या एका घरी जरी नेट पोचत असलं तरी तो अख्खा गट सरकारी आकड्यांत जोडलेला धरत. ग्रामीण भागातल्या लोकांनी त्यावर आरडाओरड केली. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या दूरसंचार आयोगानं नवा नकाशा प्रसिद्ध केला, घरागणिक. त्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद अशी, की नकाशात तुमच्या घरी नेट दाखवलं असेल आणि प्रत्यक्षात मिळत नसेल, तर तुम्ही त्या नोंदीला हरकत घेऊ शकता आणि कंपनीला ती सिद्ध करावी लागते. ब्रिटनमध्ये घर भाड्यानं घेण्याआधी तिथल्या नियामकाच्या पानावर पत्ता टाकून वेग बघता येतो. लंडनला राहणारी आपली मराठी मुलं घर बदलताना भाड्याइतक्याच सहजतेनं ते बघतात. फिनलंडनं २०१० च्या जुलैपासून एक एमबीपीएसची जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क केला. आपल्या २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातही ब्रॉडबँडच्या हक्काच्या दिशेनं जाण्याची भाषा आहे.

आपल्याकडे हालचाल नाही असं नाही. ट्रायनं २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारे देण्याचे नियम जाहीर केले. फायबर आत येण्याची सोय आहे का, लिफ्टमध्ये आणि तळघरात रेंज आहे का, हे तपासून दर्जा ठरवायचा. पण बिल्डरनं स्वतः होऊन अर्ज करायचा आहे. पुण्या-मुंबईच्या टॉवरवाल्याला जाहिरातीसाठी ते ठीक. बुलढाण्याच्या किंवा मेहकरच्या चाळीस प्लॉटच्या ले-आऊटवाल्याला त्याची गरज वाटणार नाही. त्यासाठी इथल्या मंजुरीच्या कागदात बदल हवा. ले-आऊट मंजूर करताना रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, नाली, वीज दाखवावी लागते. त्यातच रस्त्याकडेनं एक रिकामा पाइप आणि ठराविक अंतरावर चेंबर दाखवणं सक्तीचं करा. रस्त्याचं काम चालू असतानाच तो टाकला तर खर्च फार येत नाही, आणि मग कुठल्याही कंपनीला वायर टाकायला रस्ता फोडावा लागत नाही की खांबावर जाळी विणावी लागत नाही. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा लागू आहे. प्लॉटच्या प्रकल्पांच्या नोंदणीत पाणी-विजेबरोबर ही नोंदही मागता येईल.

गावठाणासाठी तर नकाशा जवळपास तयार आहे. स्वामित्व योजनेत, २४ एप्रिल २०२० पासून, ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन घराघराची मिळकत पत्रिका तयार होते आहे. ज्या सरकारला घराची भिंत कुठं आहे हे ड्रोनवरून कळतं, त्याला भारतनेटचा डबा त्या भिंतीपासून किती मीटरवर आहे हे त्याच नकाशावर मांडणं अवघड नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाणीपट्टीच्या थकबाकीशेजारी तो नकाशा लागू शकतो. चूक असेल तर ग्रामसभेत कुणीही उठून सांगेल, "सरपंच साहेब, आमच्या तांड्यावर वायर नाही, तुम्ही दाखवली कशी?"

शेजारच्या मेळघाटात हरिसालचं काय झालं ते लोकांच्या लक्षात आहे. २०१६ मध्ये ते राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तिथली परिस्थिती सभेच्या पडद्यावर दाखवली, सत्ताधारी पक्षानं ती खोडून काढली, आणि महाराष्ट्रभर काही दिवस हरिसालवर वाद झाला. गाव डिजिटल आहे की नाही, यावर सगळे बोलले. कोणत्या घरात, किती वेगानं, पावसाळ्यात किती दिवस, याची घरवार यादी तेव्हा लोकांपुढे असती तर तो वाद संध्याकाळपर्यंत मिटला असता.

सरांचं काम अखेर कंपनीच्या फोननं झालं नाही, आणि हवेतल्या नेटची पाळीही आली नाही. शिडीवाल्या मुलानं ऑफिसला विचारलं होतं. मालक म्हणाला, एका घरासाठी चार खांब परवडत नाहीत, पाच घरं द्या, उद्या वायर ओढतो. सरांनी आणि बाईंनी संध्याकाळी गल्लीत फिरून सगळ्यांना विचारलं. दोघांकडे मुलांचे क्लासेस होते, एकाचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं, एक आजी एकट्या राहत होत्या आणि त्यांना नागपूरच्या लेकीशी व्हिडीओवर बोलायचं होतं. पाच घरं झाली. गल्लीच्या तोंडाच्या खांबावर आता डबा आहे. त्यात आठाचा स्प्लिटर आहे, तीन पोर्ट रिकामे आहेत, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटचं जोतं परवाच भरलं गेलं. तो मालक नेटची चौकशी करायला आला तर त्याला कोणत्या खांबाकडे बोट दाखवायचं, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे.